सासूबाईंचं कोलम आणि माझा अंगठा

काही वर्षांपूर्वी, ऐन मार्गळी महिन्यात, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत, माझा उजवा अंगठा हरवला. म्हणजे अंगठा हाताला होताच; त्याच्यावरचा ठसा तेवढा गेला. तो कापला नाही, भाजला नाही, कुणी चोरलाही नाही. मी स्वतः रोज पहाटे पाचला उठून, घाम गाळून तो घालवला. (आळशी माणसाचं हे काम नव्हे!)

मी चेन्नईजवळच्या आवडी या गावी, एका संरक्षण कारखान्यात, भांडार विभागात. तीस वर्षांत माझ्या टेबलावरून जेवढे कागद गेले, त्यांतल्या निम्म्यांवर 'गोपनीय' असा लाल शिक्का होता. आत बहुतेक वेळा खराट्यांची मागणी असे, पण शिक्का तो शिक्का! ती सवय मी घरी आणली. आमच्या घरात भाजीची यादी उपडी ठेवली जाते. पार्सलच्या खोक्यावरचा पत्ता मी फाडतो, त्याचे तुकडे करतो आणि ते दोन वेगवेगळ्या डब्यांत टाकतो. चेन्नईत भेटेल तो माणूस 'साप्टींगळा?' म्हणजे 'जेवलात का?' असं विचारतो. त्यावर 'तुम्हाला कशाला हवंय?' असं विचारणारा या शहरात बहुधा मी एकटाच.

अशा माणसाला एके दिवशी मोबाइल कंपनीचा संदेश आला. जुन्या ग्राहकांनीही दुकानात येऊन मशीनवर अंगठा द्यावा, नाहीतर पोंगलच्या सुट्ट्या संपताच नंबर बंद.

"अंगठा? माझा?" मी ताडकन उठलो. "का म्हणून?"

"सगळेच देतायत," सुधा कुकरचं झाकण लावत म्हणाली. सुधा म्हणजे माझी पत्नी.

"सगळे देतात म्हणून मी द्यायचा? अगं, पासवर्ड चोरीला गेला तर बदलता येतो. अंगठा बदलता येतो का? सांग!"

"ते मला माहीत नाही. रेवाचे दिवस भरत आलेत. माझा फोनही तुमच्याच नावावर आहे. दोन्ही बंद पडले आणि पुण्याहून फोन आला, तर काय करायचं ते तुम्ही सांगा."

रेवा आमची एकुलती एक लेक. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण डॉक्टरांनी प्रवासाला सक्त मनाई केली होती. जानेवारीच्या अखेरची तारीख होती आणि सुधाचं पुण्याचं तिकीट पोंगलनंतरच्या आठवड्यातलं. तोवर तिचा जीव त्या फोनमध्ये अडकलेला. आंघोळीला जाताना ती फोन माझ्या हातात ठेवायची आणि वाजला नाही ना, असं आतून तीन वेळा विचारायची. मला हे दिसत होतं. पण तत्त्व म्हणून काही असतं की नाही!

घरात तिसरा फोन सासूबाईंचा. सासूबाई तंजावरकडच्या, पिढ्यान्‌पिढ्या तमिळनाडूत मुरलेल्या मराठी घरातल्या. त्यांचं मराठी आमच्या मराठीपेक्षा दोनशे वर्षांनी मोठं आणि तमिळमध्ये भिजवलेलं. मला त्या 'माप्पिळ्ळै' म्हणतात. तमिळमध्ये जावयाला तसंच म्हणतात. वय वर्षं एक्याऐंशी. कमरेला दोरीची कापडी पिशवी, त्यात सुपारी, विभूती आणि मोबाइल. त्या फोनपुरते मी त्यांना दोन नियम घालून दिले होते आणि रोज संध्याकाळी दिवा लावल्यावर ते म्हणून घेत होतो.

"परक्यांसमोर?"

"फोनातलं बोलावें नाही."

"फोनवर काही आलं तर?"

"चारचौघांत सांगावें नाही. पोटच्या पोरीसही नाही. सेरि, माप्पिळ्ळै, आतां मी जपास बसूं का?"

इतकी चांगली विद्यार्थिनी मला आयुष्यात मिळाली नाही.

सासूबाईंच्या थोरल्या बहिणीचा तंजावरहून दर शुक्रवारी फोन येतो, त्यामुळे त्यांना आपला नंबर चालू हवा होता. मी त्यांना घेऊन स्टेशनसमोरच्या दुकानात गेलो. अंगठा द्यायला नव्हे, शत्रूची पाहणी करायला! काउंटरवर पोनी बांधलेली, च्युइंगम चघळणारी मुलगी होती. तिने काडेपेटीएवढं मशीन पुढे सरकवलं. सासूबाईंनी अंगठा ठेवला. लाल दिवा. अंगठा पुसला, ठेवला. लाल. पदराने मशीन पुसलं. लाल. तर्जनी ठेवली, तरी लाल!

मुलीने त्यांचा हात हातात घेऊन दिव्याखाली धरला. "रेगै इल्लै, सार," ती म्हणाली. म्हणजे रेषाच नाहीत! "पाट्टी, तुम्ही रोज कोलम काढता ना?"

"आमा," सासूबाई म्हणाल्या. "वयाच्या सातव्या वर्षापासून."

कोलम म्हणजे इकडची रांगोळी. रोज पहाटे, चिमटीत दगडाची भुकटी धरून, दारात ठिपके आणि रेघा! अंगठा आणि तर्जनी, अंगठा आणि तर्जनी. चौऱ्याहत्तर वर्षांत सगळं गुळगुळीत झालेलं.

"मग डावा अंगठा द्या," मुलगी म्हणाली.

सासूबाई दोन पावलं मागे सरल्या. "डावा? डाव्या हातानें कुणास कांहीं देतात का, पोरी? कंपनीचें वाईट होईल!"

मुलीने खूप समजावलं. सासूबाई कंपनीचं भलं चिंतत ठाम उभ्या राहिल्या. शेवटी कंटाळून मुलीने एक फॉर्म काढला, मॅनेजरने सही केली आणि त्यांचा नंबर विनाअंगठा कायम झाला!

मी थक्क! ज्या यंत्रणेपुढे सगळा देश अंगठा टेकत होता, तिला एका म्हातारीने नुसत्या कोलमाच्या जोरावर परतवून लावलं होतं. ठसा नाही, तर मागणी नाही. फॉर्म, सही, नमस्कार. परतताना रिक्षात मी त्यांच्या गुळगुळीत अंगठ्याकडे बघत राहिलो.

"काय पाहतां?" त्यांनी विचारलं.

"उद्यापासून कोलम मी घालतो," मी म्हणालो. "तुम्हाला आता वाकवत नाही."

सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. (मला थोडी लाज वाटली, पण थोडीच.)

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला, लुंगी आणि माकडटोपी अशा वेषात, मी आमच्या तळमजल्याच्या क्वार्टरसमोर ओणवा झालो. मार्गळीत इकडे दारोदार मोठमोठी कोलमं पडतात. बायका गप्पा मारत, हसत, एका दमात अंगण भरून टाकतात. त्या सगळ्या जणी हातचं काम टाकून माझ्याकडे बघू लागल्या. सासूबाई पायरीवर शाल पांघरून बसल्या होत्या.

"पुळ्ळि आधीं! ठिपके! सरळ रांगेंत! माप्पिळ्ळै, ही रांग आहे का आवडीचा रस्ता?"

त्या दिवशी ठिपक्यांभोवती फिरलेली माझी रेघ निघाली तिथे परत आलीच नाही. ती शेजारच्या वसंता मामींच्या दारात गेली आणि तिथेच संपली. दूधवाला सायकलवरून उतरून बराच वेळ बघत होता. शेवटी त्याने सुधाला हळूच विचारलं, "अक्का, सारना बरं नाही का?"

पण मी हटलो नाही. सकाळी एक कोलम दारात, एक मागच्या अंगणात, संध्याकाळी एक तुळशीपाशी. बाजारातली सगळ्यात खरखरीत भुकटी शोधून आणली. शिवाय आंघोळीच्या वेळी, टाच घासायची वज्री अंगठ्याला! सुधाला खरं कारण सांगितलं नव्हतं. तिला वाटलं, आजोबा व्हायचं म्हणून माणूस बदलतोय. तिने फोनवर रेवाला ते सांगितलंसुद्धा. वसंता मामी त्यांच्या नवऱ्याला रोज ऐकवू लागल्या, "पाटणकर सारना बघा! नाहीतर तुम्ही!" त्या गृहस्थांनी मला 'साप्टींगळा' विचारणंच सोडलं. तेवढं एक बरं झालं.

आणि अंगठा खरोखर उतरू लागला! रोज रात्री भिंगातून बघायचो. पंधराव्या दिवशी रेषा विरळ झाल्या. विसाव्या दिवशी मधला भोवरा गेला. बाविसाव्या दिवशी मी शीळ घालत कारखान्यात गेलो, फाटकावरच्या हजेरीच्या मशीनवर अंगठा टेकवला, आणि लाल दिवा लागला.

पुन्हा टेकवला. लाल. मागे रांग खोळंबली. फाटकावरचा मुरुगन मला वीस वर्षं ओळखतो. त्याने पडद्यात डोकावून पाहिलं आणि ओशाळून म्हणाला, "सार, मशीन म्हणतंय तुम्ही कुणीच नाही."

त्या क्षणी, त्या फाटकात, माझ्या डोक्यात प्रकाश पडला. गेली अकरा वर्षं, येताना एकदा आणि जाताना एकदा, मी याच अंगठ्याचा ठसा देत होतो! बिनतक्रार! उशीर झाला तर धावत येऊन देत होतो!

संध्याकाळी सुधाला सगळं सांगावंच लागलं. तिने गॅस बंद केला. मग तिने विचारलं, "म्हणजे कोलम आईसाठी नव्हतं?"

"तसं अगदीच नाही असं नाही..."

"बाळासाठीही नव्हतं?"

मी वज्री कुठे ठेवली ते शोधायला उठलो.

कारखान्यात मी गैरहजर ठरू लागलो. रोज दिवसभर खुर्चीत बसून काम करायचो आणि संध्याकाळी गैरहजर. साहेबांनी नव्याने नोंदणी करून घ्यायला सांगितलं. त्यासाठी अर्ज, अर्जात ठसा नाहीसा होण्याचं कारण. मी लिहिलं, 'कोलम'. तो कागद सहा टेबलांवरून फिरला. त्यावर लाल शिक्का होता, 'गोपनीय', त्यामुळे तो सगळ्यांनी वाचला! मग चेन्नईतल्या नुंगंबाक्कमच्या सरकारी कचेरीत जाऊन नवी नोंदणी. तिथल्या माणसाने माझी दहाच्या दहा बोटं घेतली. (अंगठ्याच्या जागी 'अस्पष्ट' असं लिहिलं.) वर हनुवटी एका पट्टीवर टेकवायला लावून दोन्ही डोळे घेतले. एक अंगठा वाचवायला निघालो होतो आणि नऊ बोटं, दोन डोळे देऊन घरी आलो. तेही त्या बाबाने 'जरा हसा' म्हटल्यावर हसून!

तरीही फोनच्या बाबतीत मी अढळ होतो. आता तर ठसाच नव्हता. दुकानात जाऊन फॉर्म आणि सही घेणं तेवढं उरलं होतं. तेसुद्धा मी मुद्दाम लांबवलं, म्हटलं अंगठा आणखी गुळगुळीत होऊ दे. या लांबवण्याच्या काळात सासूबाईंनी माझं नाव कॉलनीच्या कोलम स्पर्धेत परस्पर घातलं.

मला पारितोषिक मिळालं. उत्तेजनार्थ. बत्तीस बायका आणि मी! लाउडस्पीकरवरून माझं नाव, विभाग, क्वार्टर नंबर आणि गाव, सगळं तीनदा सांगितलं गेलं. प्रकरण एवढ्यावर थांबलं असतं तर मी ते चेन्नई नव्हे असं म्हटलं असतं. भोगीच्या सकाळी कॉलनीच्या फाटकावर दहा फुटी फ्लेक्स लागला. त्यावर मी माकडटोपीत, भुकटीने माखलेला अंगठा वर करून. आणि खाली, वसंता मामींच्या कृपेने, ठळक अक्षरांत, कोलम शिकू इच्छिणाऱ्यांसाठी माझा मोबाइल नंबर!

"काढा तो!" मी मामींना म्हणालो.

"कशाला सार? येणारा-जाणारा फोटो काढून घेतोय. सूपर आलाय!"

पोंगल झाला. मट्टु पोंगल झाला. तिसऱ्या दिवशी सकाळी सुधाने फोन उचलला आणि तिचा चेहरा उतरला. सिग्नलच्या जागी काही नव्हतं. माझाही तसाच. सगळ्या आवडीला तोंडपाठ झालेला नंबर मेला होता.

"काल रात्री रेवा म्हणाली होती, कंबर दुखतेय," सुधा म्हणाली. ती चपला शोधू लागली. "तारखेला अजून वेळ आहे म्हणून मी काही बोलले नाही. चला. आत्ताच्या आत्ता चला."

ती नुसती चिडली असती तर मी वाद घातला असता. पण तिचे डोळे भरले होते, आणि माझी तत्त्वं त्या सकाळी कुठल्या खिशात गेली ते मला कळलं नाही. आम्ही तिघं रिक्षा करून निघालो. (सासूबाईंना एकटं ठेवता येत नाही, आणि त्यांना काही चुकवायचंही नसतं.)

दुकानात ही गर्दी! सगळ्या आवडीने अंगठा नंबर बंद पडेपर्यंत लांबवला होता. सासूबाई बाहेर, रसवंतीच्या बाकावर बसल्या. तासाभराने आमचा नंबर आला, तेव्हा त्या आत येऊन आमच्या मागे उभ्या राहिल्या. तीच पोनीवाली मुलगी.

"ठसा नाहीये माझा," मी घाईघाईने म्हणालो. "रेगै इल्लै. तो फॉर्म द्या, मॅनेजरच्या सहीचा."

"तो सत्तरीच्या वरच्यांना, सार."

"काय?"

"सत्तरीच्या वर. तुमचं वय अठ्ठावन्न."

मी माझा अंगठा मशीनवर ठेवला. लाल! खरंच सांगतो, ज्या मशीनला मी महिनाभर शिव्या घातल्या, त्याच्या मी त्या सकाळी विनवण्या केल्या. अंगठा पँटला पुसला, त्याच्यावर फुंकर मारली, दाबून ठेवला, हळूच ठेवला. "घे ना रे बाबा, घे!" मी मराठीतून म्हणालो. मागचा एक माणूस आपल्या बायकोला सांगत होता, "अगं, हे ते कोलमवाले. फ्लेक्सवरचे."

"सार," मुलगी म्हणाली, "डावा अंगठा द्या ना."

डावा! तीस दिवस! नव्वदएक कोलमं! वज्री, नुंगंबाक्कम, चार दिवस गैरहजर! आणि या सगळ्या काळात माझा डावा अंगठा, रेघ न्‌ रेघ शाबूत, माझ्याच डाव्या हाताला होता. मी भीतभीत सासूबाईंकडे पाहिलं. डाव्या हाताबद्दल त्यांची मतं मला ठाऊक होती.

"द्या, माप्पिळ्ळै," त्या शांतपणे म्हणाल्या. "तुमच्या जागीं मी असतें तर पणतवंडासाठीं पायही दिला असता."

मी डावा अंगठा टेकवला. हिरवा. एका क्षणात. माझा आणि सुधाचा, दोन्ही नंबर झाले.

"दोन तासांत चालू होईल," मुलगी म्हणाली.

"दोन तास!" सुधा खाली पायरीवर बसली आणि रडायलाच लागली. "तिकडे काय चाललं असेल..."

सासूबाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. आम्हाला दोघांना दुकानाबाहेर, जरा बाजूला, नारळवाल्याच्या पलीकडे नेलं. इकडेतिकडे पाहिलं. कुणी ऐकत नाही अशी खात्री करून घेतली. मग हलक्या आवाजात म्हणाल्या, "मुलगी जाहली. दोघी बऱ्या आहेत. बाळ रडतें खणखणीत."

"काय? तुला कसं कळलं?"

सासूबाईंनी कमरेची पिशवी सैल केली आणि त्यातून आपला, विनाअंगठा, विनाअडथळा चालणारा मोबाइल वर काढला. "मघां बाकावर बसलें होतें ना, तेव्हां नातजावयाचा फोन आला. पुण्याच्या."

"आणि तू आत येऊन सांगितलं नाहीस? आई!"

"आंत दहा परके होते," सासूबाई म्हणाल्या. "परक्यांसमोर बोलावें नाही. चारचौघांत सांगावें नाही. पोटच्या पोरीसही नाही." आणि मग अत्यंत निरागसपणे माझ्याकडे वळल्या. "नियम बरोबर आहेत ना, माप्पिळ्ळै?"

सुधाने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेचं वर्णन मी करणार नाही. पण पुढच्याच क्षणी ती आईच्या गळ्यात पडून हसत होती, रडत होती, आणि नारळवाला कुणी न सांगता तीन शहाळी फोडत होता. मीही रडलो. ते मात्र उघडपणे, भर रस्त्यात, ज्याला बघायचं त्याने बघावं म्हणून.

(पुढे काही महिन्यांनी ती अंगठ्याची सक्तीच उठली. मी ही बातमी सुधाला मोठ्याने वाचून दाखवली. तिने 'वज्री जागेवर ठेवा' एवढंच म्हटलं.)

दुपारी आमचे फोन जिवंत झाले आणि पहिलाच फोटो आला. पांढऱ्या कागदावर निळ्या शाईत, माझ्या अंगठ्याहून जेमतेम मोठा, एक पायाचा ठसा. हॉस्पिटलवाल्यांनी नोंदीसाठी घेतलेला. नातीचं वय तेव्हा काही तासांचं. तिने ना नियम विचारला, ना फॉर्म मागितला. सबंध पाऊल देऊन मोकळी! पाचही बोटं कशी स्पष्ट उमटली होती. मी तो फोटो मोठा करून करून बघत बसलो. मग तो आमच्या घरच्या ग्रुपवर पाठवला. भांडार विभागाच्या ग्रुपवर पाठवला. कॉलनीच्या, महाराष्ट्र मंडळाच्या, शाळेतल्या मित्रांच्या, वसंता मामींच्या कोलमवाल्यांच्या. फ्लेक्सवर नंबर वाचून शिकवणी विचारणाऱ्या अनोळखी माणसांनाही पाठवला.

"अहो, तो बाळाचा ठसा आहे ना?" सुधाने मागून येऊन विचारलं. "कितीजणांना दिलात?"

तो आकडा मी तिला आजवर सांगितलेला नाही. आमच्या घरात गोपनीय राहिलेली तेवढी एकच गोष्ट आहे.